काकू, आज काय खाल्लं?

माझ्या बायकोला एका परक्या पुरुषाचा फोन येतो, आणि तो यायच्या आधी ती केस विंचरते. आता बोला! फोनवर केस दिसतात का? मी विचारलं तर म्हणाली, "अवतारात बोलायला बरं वाटत नाही हो." माझ्याशी मात्र जन्मभर अवतारातच बोलत आली आहे.

हा पुरुष म्हणजे दातांच्या दवाखान्यातला आहारवाला. वय माझ्या जावयापेक्षाही कमी. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यात स्क्रू बसवलेत त्यांनी काय खायचं हे सांगायचं, आणि मग फोन करून त्यांनी ते खाल्लं की नाही हे विचारायचं, एवढंच त्याचं काम. याला नोकरी म्हणतात! मी उभा जन्म लेथवर काढला, लोखंडाचा कीस डोळ्यांतून काढून घेत काम केलं, आणि हा पोरगा खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बायकांना गोड आवाजात विचारतो, "काकू, आज काय खाल्लं?"

हिचे खालचे दात एकेक करून कधीच गेले होते. कवळी केली, पण ती जबड्यावर बसेना. बोलता बोलता उचलली जायची, मग ही जिभेने ती दाबून धरायची आणि वाक्य अर्ध्यावर सोडायची. जेवताना तर ती काढून फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि पाव चहात बुडवून गिळायची. माझे दात अजून सगळे शाबूत आहेत. अक्रोड दाताने फोडतो. त्यामुळे खरं सांगायचं तर तिच्या दातांकडे माझं फारसं लक्ष नव्हतं. लेकीचं होतं. तिनेच हट्ट धरला आणि आईला दवाखान्यात नेलं.

तिथली दातवाली बाई हुशार. तिने स्क्रू हातात घेऊन मला दाखवला. आटे असे सुरेख पाडलेले की मीही मान डोलावली. ती म्हणाली, "काका, स्क्रू बसवणं माझं काम. तो धरून ठेवणं हाडाचं काम. आणि हाडाला बळ येतं ते अन्नातून. या वयात माणसं दात नाहीत म्हणून नुसतं मऊ आणि फिकं खातात, मग हाडं आणि मांस दोन्ही झिजतं. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत काही महिने जातील. तोवर मऊच खायचं, पण मऊ म्हणजे चहात बुडवलेला पाव नव्हे. अंडी, मासा, दही, मसूर, दूध. त्यासाठी आमच्याकडे वेगळा माणूस आहे." आणि तो वेगळा माणूस आत आला. एक कान जरा बाहेर आलेला, गळ्यात ओळखपत्र. त्याने आधी हिच्यासाठी खुर्ची ओढली आणि मग माझ्याकडे बघितलं. तिथेच माझ्या डोक्यात ठिणगी पडली होती.

स्क्रू बसले. तोंड सुजलं, सूज उतरली. आणि दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी फोन वाजायला लागला.

मी पेपर तोंडापुढे धरून ऐकायचो. ही सांगायची, "सकाळी दोन अंडी खाल्ली. मऊच उकडली होती, आतलं पिवळं वाहतं राहील इतपत. वर थोडं लोणी. आणि दुपारी मासा. काटे सगळे काढले, दुधात शिजवला, चमच्याने कुस्करला…" असं सांगायची की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मध्येच तो काहीतरी बोलायचा आणि ही हसायची. तोंडावर हात ठेवून, लग्नातल्यासारखी! इतक्या वर्षांच्या संसारात मला ही कधी असं सांगत बसल्याचं आठवत नाही. मला काय मिळतं? "जेवायला चला." "गार होतंय." "मीठ बघा." संपलं बोलणं. त्या पोराला मात्र पिवळं वाहतं राहण्यापर्यंतचा वृत्तांत.

उगाच कशाला खोटं बोलू, माझ्या पोटात दुखायचं. एवढंच हवं होतं मला की तो आवाज एकदा माझ्यासाठी निघावा.

एकदा फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर नाही तो. तू त्याला डॉक्टर डॉक्टर म्हणतेस."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. खाल्लं की नाही ते सांग आणि ठेव."

"तो विचारतो, मी सांगते. त्यात तुमचं काय जातं?"

माझं काय जातं! तळपायाची आग मस्तकात गेली. खाली बाकावर जाऊन बसलो तर तिथे ड्रायव्हर होता. हा माझा शेजारी, ट्रक चालवून निवृत्त झालेला. माणूस असा, की दुसऱ्याच्या जखमेवर फुंकर घालायची म्हणून मीठ घेऊन येतो. त्याला सगळं सांगितलं तर पोट धरून हसला.

"तुझी बायको फोनवर काय सांगते? अंडं खाल्लं. आणि तू जळतोस? अरे, पळून जाणाऱ्या बाया अंड्याचं नाही बोलत रे."

"तुला नाही कळायचं. तिचा आवाज ऐक एकदा."

"बरं. मग तूही विचार की. आज काय खाल्लंस म्हणून. फुकट आहे."

असलं काहीतरी विचारायला मी काय बावळट आहे? एकाच घरात राहतो, एकाच भांड्यातलं खातो. नवऱ्याने बायकोला हे विचारायचं म्हणजे स्वतःच्याच घराचा पत्ता विचारण्यासारखं झालं.

पण त्या दिवसापासून तिची वाटी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. माझ्या ताटात तोच पाव, तीच भाजी, आणि तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या वाटीत लोणी घातलेला मासा. एका दुपारी भडकलोच.

"घरात दोन-दोन स्वयंपाक कशाला? तुझ्या त्या फोनवाल्याच्या आवडीचं वेगळं आणि माझं वेगळं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, हे दात नसलेल्यांचं खाणं आहे. तुम्हाला कशाला हवं?"

"मला नको असेल तर मी नको म्हणेन. आधी दे तरी."

दिलं. आणि काय सांगू, सुरेख होतं. पुढच्या दिवसापासून मलाही तीच वाटी. अक्रोड फोडणारा माणूस मी, चमच्याने कुस्करलेला मासा खायला लागलो. मसुराचं दाट सूप, उकडलेला भोपळा, लोण्यात घोळलेली अंडी. ड्रायव्हरने ऐकलं तेव्हा म्हणाला, "दात आहेत तर चणे नाहीत असं ऐकलं होतं. तू दात असून चण्यांचं पीठ खातोस." म्हटलं, खाऊ दे. त्या पोराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आधी माझ्या जिभेवर येते, मग ही फोनवर सांगते. अर्धा फोन तर माझाच झाला की! असं वाटून मी दुप्पट खायचो. "अजून आहे का?" म्हटलं की ही आणून वाढायची. पूर्वीपासूनच ती माझं झाल्यावर जेवायची, तेव्हा तिचं जेवण काही माझ्या डोळ्यांपुढे नसायचं.

असे काही आठवडे गेले. मग तपासणीचा दिवस आला. मीही गेलो. मुद्दाम गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

आहारवाल्याने हिला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून त्याचं हसू गेलं. पुन्हा उभं केलं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असा.

"काकू, वजन उतरलंय. बरंच. तुम्ही खाता ना सगळं?"

"खाते की," ही म्हणाली. "सांगते ना तुम्हाला फोनवर."

"चेहराही उतरलाय. आणि हे बघा, मनगट." त्याने तिचं मनगट दोन बोटांत धरलं. बांगडी कोपरापर्यंत सरकली.

मी ताडकन उभा राहिलो. "माझ्या बायकोचा चेहरा उतरलाय की चढलाय ते मला कळतं. तुम्ही सांगायची गरज नाही."

 खरं तर मला काहीच कळलं नव्हतं. बांगडी कोपरापर्यंत जाते हे मी तेव्हाच पाहिलं, आणि तेही दुसऱ्याच्या बोटांत. त्याचाच मला जास्त राग आला.

मग दातवालीने तोंड तपासलं. बराच वेळ आत वाकून बसली. बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाली, "तीन चांगले आहेत. चौथा हलतोय. हिरडीही म्हणावी तशी भरलेली नाही. शरीर उपाशी असेल तर हाड कुठून धरणार, काकू? अजून थोडे दिवस बघू. नाही धरला तर काढावा लागेल. मग पुढचे दात कसे बसवायचे याचा नव्याने विचार करावा लागेल."

हिने मान खाली घातली. बसमध्ये घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच बोलली, "पुन्हा ती कवळी नको हो मला. तिच्यापेक्षा काही नसलेलं बरं." डोळे पुसले तेही पदराआड. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. सापडला लेकाचा! इतके दिवस गोड बोलून जो आहार सांगितला, त्यानेच माझी बायको वाळली. नाकाने कांदे सोलतो आणि साधं वजन राखता येत नाही. मी ठरवलं, आता फोन आला की मीच घेणार आणि त्याची चांगली हजेरी घेणार. पण तोंडावर मारायला पुरावा हवा. काय काय खायला सांगितलंस, हिने सगळं खाल्लं, तरी ही अशी कशी झाली, असं एकेक करून विचारायचं होतं. लेथवर माप चुकलं तर आधी कामगाराला नाही, मशीनला धरतात. इथे मशीन म्हणजे तो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फोनची वेळ होत आली तसं मी स्वयंपाकघरात गेलो. ही केस विंचरून टेबलापाशी बसली होती. मी समोरची खुर्ची ओढली आणि म्हटलं, "आज काय खाल्लंस?"

ती दचकलीच. "काय?"

"आज काय खाल्लंस ते सांग. सकाळपासून."

आधी तिला वाटलं मी चिडवतोय. मग माझं तोंड बघून तिने पदर सारखा केला आणि सांगायला लागली. आणि काय सांगू तुम्हाला, तोच आवाज! "सकाळी दोन अंडी खाल्ली. मऊ उकडलेली. वर लोणी आणि किंचित मिरपूड. दुपारी मासा. आज जरा दाट केला होता, बटाटा कुस्करून घातला त्यात…" हात हलवत सांगत होती. डोळे चमकत होते. इतके दिवस पेपराआडून चोरून ऐकलं ते आज माझ्या तोंडावर, माझ्यासाठी. मला इतकं बरं वाटलं की पुरावा-बिरावा सगळं विसरायला झालं.

आणि मग ती दोन अंडी मला आठवली.

सकाळी टोपलीत दोनच अंडी होती. आदल्या दिवशी दवाखान्याच्या गडबडीत मी आणायची विसरलो होतो, आणि त्यावरून ती कुरकुरलीही होती. दोनच. आणि ती दोन्ही माझ्या वाटीत होती. वर लोणी आणि किंचित मिरपूड.

"दोन अंडी तर मी खाल्ली," मी म्हणालो.

तिचा हात हवेत तसाच राहिला.

"मासाही मी दोनदा घेतला. तू म्हणालीस अजून आहे."

"होता ना."

"कुठला होता?"

ती ओल्या फडक्याने टेबल पुसायला लागली, जिथे काही सांडलंच नव्हतं तिथे.

"मी खरं विचारतोय," मी म्हटलं. "तू काय खाल्लंस?"

"तुमचं उरलेलं," ती म्हणाली.

"आणि मी काही उरवलंच नाही तर?"

"चहा-पाव."

माझी दातखीळ बसली. शाबूत असलेले सगळे दात एकमेकांवर बसले आणि सुटेनात. सुटले तेव्हा आवाज फुटला, तोही ओरडण्याचा. मला दुसरं येत नाही. "अगं मग सांगायचं नाही? जास्त करायचं! चार अंडी उकडायची!"

"सुरुवातीला करायचे. तुम्ही चारही खायचात. तुम्हाला आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या हातचं तुम्ही दुसऱ्यांदा मागून खाल्लंत हो. मला वाटलं, खाऊ दे. माझं काय, होईल काहीतरी."

"आणि त्याला? त्याला का खोटं सांगायचीस?"

यावर तिने फडकं घडी करून ठेवलं.

"कुणीतरी इतकं प्रेमाने विचारतं, तर त्याला चहा-पाव काय सांगायचा? मग मी तुम्हाला जे वाढलेलं असायचं ते सांगायचे. सांगताना तोंडाला चव यायची. खरंच यायची. फोन ठेवला की वाटायचं, आज जेवले."

मी टोपली उचलली आणि दुकानात गेलो. शर्टाची बटणं उघडी होती तसाच गेलो. जिन्यात ड्रायव्हर भेटला. "काय रे, आग लागली का?" म्हणाला.  येताना टोपलीभर अंडी आणली.

अंडं उकडायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. लोखंड कोणत्या रंगाला आलं की पाण्यात सोडायचं हे झोपेत सांगेन, पण अंडं? तिने सांगायला तोंड उघडलं की मी म्हणायचो, "बस तू." ती बसायची आणि पुन्हा उठायची. गॅस मोठा ठेवला, पाणी ऊतू गेलं, एक अंडं तडकलं. टरफल काढताना निम्मं पांढरं टरफलाबरोबरच गेलं. शेवटी ओबडधोबड दोन अंडी वाटीत घालून, कुस्करून, तिच्यापुढे ठेवली. लोणी राहूनच गेलं. समोर बसलो आणि म्हटलं, "खा."

तिने चमचा घेतला. घास केला. आणि चमचा हळूच माझ्या बाजूला वळला.

"मला नको."

"थोडं घ्या."

"नको म्हटलं ना!"

तिने घास तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी बघत होतो. राग आवरत होतो. शेवटी ती म्हणाली, अगदी हळू, जणू माझी काहीतरी चोरी केली असावी तसं, "तुम्ही समोर बसलात की घास उतरत नाही हो. तुमच्या आधी खाल्लंच नाही कधी. जरा बाहेर जाता का?"

गेलो. दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. लेथखान्यात मुकादमानेसुद्धा मला कधी बाहेर जा म्हटलं नव्हतं. माझ्याच घरातून माझ्याच बायकोने बाहेर बसवलं, आणि तिचं चुकलं असं म्हणायला मला जागाच नव्हती.

तेवढ्यात आत फोन वाजला.

घ्या! मी उठणार होतो, तोवर तिने घेतलाही. दार पातळ आहे, सगळं ऐकू येतं. "हो डॉक्टर… अंडी. नाही, दोन नाही अजून. खातेय. ह्यांनी उकडली." मग थोडं थांबून हसली. ते हसू! "हो ना, मीठ विसरले. लोणीही नाही. टरफल येतंय दातात… दात कुठले म्हणा!" तो पलीकडून काहीतरी बोलला असेल, ती पुन्हा हसली. मी बाहेर पायरीवर जळत होतो. अंडी कुणी आणली, बोटं कुणी भाजून घेतली, आणि ती हसते कुणाशी?

मग तिचा आवाज बारीक झाला. "डॉक्टर, मागे मी जे सांगत होते ना, ते खरं नव्हतं. मी खात नव्हते. नाही, नाही, घरात सगळं आहे. घरातल्यांचं काही नाही यात. माझंच चुकलं. मलाच खावंसं वाटायचं नाही."

मी उठलो. हे मात्र मला सहन होईना. दार उघडून, तिच्या हातातला फोन घेऊन त्याला सांगणार होतो की तिचं काही चुकलेलं नाही, तिच्या वाटीतलं मी खाल्लं, रोज खाल्लं, तुझ्यावर जळून खाल्लं. कडीला हात लावला.

आत चमचा वाटीला लागला. मग पुन्हा लागला. ती बोलता बोलता खात होती.

मी कडीवरचा हात काढला आणि परत पायरीवर जाऊन बसलो.